ओला पारा

पहिल्याच तासाला डॉक्टर इलहाम यांनी
टेबलावर दोन तापमापक ठेवले, जुळ्या भावांसारखे.
एकाच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळली,
भिजवली, पंखा लावला
आणि म्हणाल्या, थांबा.

आम्ही अकराजण थांबलो.
रनीम अम्मानची, वकील. समुद्र आत शिरला की
देशाची हद्द कुठून मोजायची, हे तिचं कोडं.
बिजोय विमा कंपनीत, पुराचे हप्ते काढतो.
शम्सा आजोबांची वही घेऊन येते:
सुहैल उगवला की दिवस मोजायला लागायचं,
दहा-दहाच्या जुड्या बांधत, वर्षभर.
सुहैल म्हणजे आमचा अगस्ती, मी म्हटलं,
एका आचमनात समुद्र पिणारा.
बोलवा त्याला, रनीम म्हणाली, माझा खटला सुटेल.
शम्सानं मात्र खरंच विचारलं,
मग आता कुठे आहे तो?

कोरडा पारा चोवीसवर अडून बसलेला.
ओला उतरत उतरत सोळावर.

मी त्रेचाळीसची. अकोल्याचा डिप्लोमा.
शारजात सोळा वर्षं डक्टची मापं काढते,
कुठल्या खोलीला किती टन गारवा.
टन. गारवा टनात मोजतात याचं
मला कधी नवल वाटलं नव्हतं.
दिवसा गारवा विकायचा, रात्री उन्हाची पुस्तकं.
सुधन्वा म्हणतो, चोरानं फौजदाराकडे शिकवणी लावावी
तसं आहे हे तुझं.
अवकलनात अडले की अकरावीतल्या निषादला विचारते.
तो बापासारखा सुस्कारा टाकतो
आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतो.
गॅलरीत यंत्र घुरघुरत असतं.
गारवा कुणी तयार करत नाही, बाई म्हणाल्या होत्या.
हे मला हातांनी ठाऊक होतं, वाक्यानं नव्हतं:
ऊन उचलायचं
आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन ओतायचं.

जुलैत औद्योगिक क्षेत्र तेरा.
साडेबाराला काम थांबतं, कायद्यानं.
शेडखाली पुठ्ठ्यांवर माणसं आडवी,
बुटांची उशी करून.
आम्ही तिवईवर उपकरण चढवलं.
कोरडा सदतीस, ओला तेहतीस.
टाकीच्या नळाखाली गमछा भिजवून
एकानं मानेवर टाकला, जवळ आला.
काय मोजता, बाई?
ओलं फडकं किती गार होतं ते.
लालबाबू साह, सिवानचा, हसला.
मग मानेला विचारा की.
दहापर्यंत गार असतं.
नंतर नुसतं ओलं.

वहीत आकड्यांच्या खाली ते लिहिलं.
एककाचा रकाना रिकामा ठेवला.

अकोल्याला सत्तेचाळीस अंशांत
आम्ही खिशात कांदा घालून परीक्षेला गेलोय.
पण तिथे कूलरच्या ताट्यांवर पाणी मारलं
की हवा शब्द पाळायची,
वाळ्याचा वास घेऊन आत यायची.
इथली हवा आधीच समुद्र पिऊन बसलेली.
चिंधीतला थेंब तिला नको असतो.
शम्सा, हा बघ, इथे आहे तो.

मसुद्यात बाईंनी त्या तीन शब्दांखाली रेघ मारली.
समासात लिहिलं: कोण हा? संदर्भ द्या.
मग यादीत, दोन नियतकालिकांच्या मध्ये, घातलं:
साह, लालबाबू. तोंडी. पाण्याच्या टाकीजवळ, बारा पन्नास.
खाली पानाचा आकडा लागतो, तो नव्हता.

नाव छापू का, हे विचारायला सप्टेंबरात गेले.
शेड रिकामी. टोळी दुसऱ्या साइटवर हलवलेली,
कुठल्या, ते रखवालदारालाही ठाऊक नाही.
नळावर कुणाचा तरी गमछा
वाळत घातलेला होता.
वाळत नव्हता.